लेओबार्दो शपथेवर होता

न्यूयॉर्क, २० डिसेंबर १९९३

ओबदुलिया,

त्या दिवशी फोनवर तुझा एकच शब्द धड ऐकू आला, "गेले." पुढे नुसती खरखर. मी ओरडत होते, "कोण गेलं? आई का?" आणि लाइन तुटली. परत लावला तर गावातली ती फोनवाली बाई म्हणाली, "तुमचा भाऊ हो." म्हणजे माझ्या पाठच्या भावाच्या मरणाची बातमी मला त्या चोंबड्या बाईच्या तोंडून कळली. तुझा दोष नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

मला येता येणार नाही, हे तुला माहीत आहे. कागदपत्रं नसलेल्या माणसाला इथून बाहेर पडणं सोपं, परत आत येणं म्हणजे पुन्हा ते वाळवंट. आणि नोएमी आता कुठे भिंतीला धरून चालायला लागली आहे. तिला कोणाच्या गळ्यात टाकून येऊ?

इथल्या डॉक्टरांनी तिच्या तापापुढे हात टेकले, तेव्हा मी ग्वादालुपेच्या मातेला नवस बोलले होते. पोर वाचली तर आमच्या घरातलं माणूस सायकलने राजधानीतल्या तुझ्या देवळात, तुझ्या पायाशी येईल. घरातलं माणूस म्हणजे दुसरं कोण? लेओबार्दोच. मी कळवलं, तर त्याचं उत्तर आलं, "ताई, तू बोललीस म्हणजे मी बोललो." शिवाय मातेची तसबीर पाठीवर घ्यायची म्हणून वर्षभर दारूला शिवणार नाही अशी शपथही घेतली त्याने, पाद्र्यासमोर. आपल्या लेओबार्दोने! मी तर हसले होते.

आता मला सगळं लिही. कुठे, कसं, जवळ कोण होतं. तसबीर पाठीवर होती का? काही बोलला का तो? गोड करून लिहू नकोस. आईला सांभाळ.

दोमितिला

*

सांता क्रूस ओकोताल, १६ जानेवारी १९९४

वन्सं,

तुमचं पत्र तीन राजांच्या सणानंतर हातात पडलं. फोनवर माझा आवाजच फुटेना, म्हणून तसं झालं. राग धरू नका.

आठ डिसेंबरला पहाटे सगळे देवळासमोर जमले. सायकलींना कागदी फुलं, दांड्यांना रिबिनी. पाद्रींनी सायकलींवर पवित्र पाणी शिंपडलं. यांना सासूबाईंनी कपाळावर क्रूस करून आशीर्वाद दिला आणि म्हणाल्या, "नीट जा रे, सायकल म्हणजे बैल नव्हे, आपण झोपलो तर ती घरी आणत नाही." सगळे हसले. मग माकारियोंनी स्वतः तसबीर यांच्या पाठीला बांधली. इतकी वर्षं ते जथ्याचे कप्तान आहेत, पण आपल्या घरातल्या माणसाच्या पाठीवर पहिल्यांदाच माता बसली.

तिसऱ्या दिवशी रिओ फ्रिओच्या जंगलातल्या चढावर ते गेले. हृदय थांबलं. ऊन पडलं होतं म्हणतात. सगळ्यांनी गराडा घातला, माकारियोंनी डोकं मांडीवर घेतलं, कोणी जपमाळ म्हटली. तसबीर पाठीवरच होती. काही कळलंसुद्धा नाही त्यांना. असं मरण मागून मिळत नाही, असं सगळे म्हणतात.

सासूबाई फारसं बोलत नाहीत. देव्हाऱ्यापाशी बसून असतात. नोएमीला माझा पापा द्या.

तुमची,
ओबदुलिया

*

न्यूयॉर्क, ६ मार्च १९९४

ओबदुलिया,

तुझं पत्र मी इथे आपल्या लोकांच्या प्रार्थनेत उभं राहून वाचून दाखवलं. बायका रडल्या. एका म्हातारीने माझा हात कपाळाला लावला, मातेला पाठीवर घेऊन मेलेल्या माणसाची बहीण म्हणून. मी मान ताठ करून घरी आले.

आणि गेल्या आठवड्यात माकारियोचा पुतण्या रुतिलिओ आमच्या लॉन्ड्रीत कामाला लागला. आपल्या गावचा पोरगा, म्हणून मी त्याला पहिल्याच दिवशी जेवायला घातलं. भावाचं नाव काढलं तर घास तोंडात ठेवूनच म्हणाला, "कोण, तो बाटलीवाला? माझ्या काकांनी त्याच्या पाठीवरून माता उतरवून घेतली." मग बघितलंन माझं तोंड, आणि ताटात बघायला लागला. पण मी त्याला सोडते का! सगळं ओकायला लावलं. चढावर झोकांड्या खात होता, जीभ जड झालेली, अंगाला वास, खिशात बाटली. रस्त्याकडेला बसवून पुढे गेले, आणि तो तिथेच मेला.

वा गं वा! ऊन पडलं होतं. डोकं मांडीवर घेतलं. तुला कादंबऱ्याच लिहायला बसवायला हवं. मी गोड करून लिहू नकोस म्हटलं होतं ना? मला काय साखरेची बाहुली समजलीस? नवरा पीत होता तर पीत होता, मला का तो नवा होता! पण शपथेवर असताना? माझ्या लेकीच्या नवसावर?

तू शिकलेली आहेस, तू सांग मला. शपथ मोडलेल्या माणसाने फेडायला घेतलेला नवस फिटतो की उलटतो? परवा नोएमी नुसती शिंकली, तर रात्रभर उशाशी बसून राहिले. रोज तिच्या कपाळाला हात लावून बघते. जिवंत भावावर कधी एवढी चिडले नव्हते, आणि आता मेलेल्यावर एवढी चिडले आहे की रडूही येत नाही.

खरं काय ते लिही. नाही तर लिहूच नकोस.

दोमितिला

*

सांता क्रूस ओकोताल, ३ एप्रिल १९९४, पुनरुत्थानाचा रविवार

वन्सं,

खोटं लिहिलं, हे कबूल. पण तुम्हाला वाटतं त्यासाठी नाही. लेओबार्दो प्यायले नव्हते. एक थेंबही नाही. आता सगळं लिहिते, आणि वाचून झाल्यावर मला हवं ते बोला.

निघायच्या आधीपासूनच त्यांचा डावा हात बधिर होत होता. कपातलं मक्याचं गरम आतोले सांडायचे, आणि मलाच म्हणायचे, "कप भरून देतेस कशाला?" डोकं दुखायचं. मी म्हटलं, यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी जा. तर म्हणाले, "ताईने शब्द दिलाय. पोर चालायला लागलीय. आता मातेला काय सांगू, हाताला मुंग्या येतात म्हणून?" हे मला तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. तुम्ही तिकडे एकट्या, हे ओझं घेऊन कुठे जाल, असं वाटलं. म्हणून ते ऊन, ती मांडी.

आणि दुसरं असं की ती बाटली मीच दिली होती. उसाच्या दारूत कापूर आणि पाला घालून आपण गुडघ्याला चोळतो ना, ती. हाताला चोळायला. शपथेवरच्या माणसाच्या खिशात ती बाटली मी माझ्या हाताने घातली, वन्सं. दर थांब्यावर चोळत जा म्हणून बजावलंसुद्धा. ते आज्ञाधारकासारखे चोळत गेले.

त्या दिवशी काय झालं ते मला तिबुर्सियोने सांगितलं. तो वेल्डर, लग्नात तुमच्याशी भांडला होता तो. जानेवारीत एका संध्याकाळी आला, उंबऱ्यावर बसला, आत या म्हटलं तर येईना.

तो सगळ्यांच्या शेवटी सायकल चालवत होता. म्हणाला, चढ लागल्यावर लेओबार्दोचा हात सारखा दांडीवरून सुटत होता. सायकल रस्त्याच्या मध्ये जायची, मागून ट्रकवाले शिव्या घालायचे. माकारियो ओरडले, "अरे, सरळ चालव! पाठीवर माता आहे, कांद्याचं पोतं नाही!" सगळे हसले. हेही हसले म्हणे, अर्ध्याच तोंडाने. त्यावर पोरं आणखी हसली.

मग ते पडले. तसबिरीची काच फुटू नये म्हणून पालथे पडले. उठवायला गेले तर बोलणं जड, आणि अंगाला दारूचा भपकारा. कोणीतरी खिशात हात घातला. माकारियोंनी बाटली हुंगली आणि त्यांचा चेहरा काळा पडला. म्हणाले, "शपथेवरचा माणूस. मातेला पाठीवर घेऊन. लाज नाही वाटली?" हे मान हलवत होते. माझं नाव घेत होते, पण पुरतं येईना. मी दिली, असं सांगायचं असेल त्यांना. तिबुर्सियो म्हणाला, "आम्हाला वाटलं, दारुड्याला बायको आठवली."

माकारियोंनी तसबीर सोडवून घेतली. यांनी चांगल्या हाताने पट्टा धरून ठेवला होता. बोटं एकेक करून सोडवावी लागली. तसबीर जथ्यातल्या एलिसेओच्या पाठीला बांधली. यांना रस्त्याकडेच्या एका बंद टपरीच्या भिंतीला टेकवून बसवलं. माकारियो म्हणाले, "मागून ट्रक येईल, त्यात चढ. मातेसमोर येऊ नकोस." आणि निघाले.

जथ्याचं सामान नेणारा ट्रक दरवर्षी मागून असतोच. पण त्या दिवशी तो टोलच्या रस्त्याने केव्हाच पुढे गेला होता, कारण जुन्या चढावर त्याचं इंजिन तापतं. हे सकाळी ठरलं तेव्हा माकारियो तिथेच उभे होते. संतापात विसरले की काय, ते मातेलाच ठाऊक. मुक्कामाला पोचल्यावर ट्रक दिसला, तेव्हा प्रत्येकाला वाटलं की कोणीतरी ड्रायव्हरला सांगितलं असेल. कोणीच सांगितलं नव्हतं.

"तू का नाही थांबलास त्याच्यापाशी?" मी विचारलं. तिबुर्सियोने टोपी हातात चुरगाळली. तुम्हाला नियम माहीत आहे. तसबीर वाटेला लागली की तिच्या पायाशी पोचेपर्यंत कोणी मागे वळायचं नाही, वळला त्याचा नवस मोडला. तिबुर्सियोचा नवस बायकोच्या डोळ्यांसाठी होता. म्हणाला, "वहिनी, मी दोनदा मान वळवून पाहिलं. सायकल नाही वळवली. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा त्याने हात वर केला होता. मला वाटलं, शिव्या घालतोय."

सकाळी टपरी उघडायला आलेल्या बाईला ते दिसले. अंगावर दव गोठून बसलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, डोक्यातली नस फुटली होती, पोटात दारू अजिबात नव्हती. मी विचारलं, लगेच आणलं असतं तर? त्या बाई कागदांकडे बघत राहिल्या.

मी माकारियोंच्या घरी गेले. ते दारातच बोलले. "वहिनी, डॉक्टर काय, रडणारी बाई बघून काहीही सांगतात. मला दारूचा वास कळत नाही? मी बाटली माझ्या हाताने फोडली." चोळायची होती म्हटलं, तर म्हणाले, "सगळे तेच म्हणतात." वन्सं, त्यांना हे मान्य करता येणारच नाही. लेओबार्दो प्यायलेले नव्हते तर मग माकारियोंनी काय केलं? ते प्यायलेले असणं त्यांना भागच आहे.

गावाचं मी सोसेन. पण सासूबाईंनाही तेच खरं वाटतं. रोज मेणबत्ती लावून म्हणतात, "माते, माझ्या बेवड्याला क्षमा कर." मला ऐकवत नाही. सांगायला गेले तर म्हणाल्या, "बायको नवऱ्याची बाजू घेणारच." त्यांची तब्येत खालावत चालली आहे. आपला मुलगा शपथ मोडून नरकात गेला असं मनात घेऊन त्या जातील, ही भीती मला झोपू देत नाही. तुम्ही लिहा. तुम्ही त्यांच्याशी जन्मात कधी गोड बोलला नाहीत, म्हणून तुमचंच त्यांना खरं वाटेल.

आणि नोएमीची काळजी करू नका. तुमचा नवस त्यांनी मोडला नाही, दुसऱ्यांनी त्यांच्या हातातून सोडवून घेतला.

ओबदुलिया

*

न्यूयॉर्क, १ मे १९९४

ओबदुलिया,

तुला काय बोलू? बोलायचं तोंड राहिलं नाही मला. कामावर इस्त्री हातात धरून उभी राहिले आणि कोणाचा तरी शर्ट जळाला.

ती बाटली तू दिलीस म्हणून रात्रंदिवस स्वतःला खातेस, हे मला इथून दिसतंय. खाऊ नकोस. तू हाताला चोळायला औषध दिलंस. मी माणूसच पाठवला. "पुढच्या वर्षी जा" असं तू म्हणालीस, आणि मी फोनवर विचारत होते, सायकलला नवे टायर टाकलेस का. त्याला हाताचं विचारलंच नाही. मला माहीत नव्हतं, असं म्हणून सुटका होत नाही बघ. रुतिलिओला मी परवा लॉन्ड्रीत सगळ्यांसमोर सांगितलं, माझा भाऊ शुद्धीत होता. तो खाली बघून कपडे मोजत राहिला.

आईसाठी खाली लिहिते. जसंच्या तसं वाच. तुझ्या पदरची साखर घालू नकोस.

आई, मी दोमितिला. लेओबार्दो प्यायला नव्हता. एक थेंबही नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं. त्याच्या डोक्यातली नस फुटली होती म्हणून तो झोकांड्या खात होता आणि जीभ जड झाली होती. बाटली हात चोळायची होती. त्याने शपथ मोडली नाही, माझा नवसही मोडला नाही. तुझा मुलगा चांगला मेला. त्याच्यासाठी क्षमा मागू नकोस. मागायची तर माझ्यासाठी माग, मी त्याला पाठवला.

दोमितिला

*

सांता क्रूस ओकोताल, २९ मे १९९४

वन्सं,

तुमचं पत्र आलं त्या दुपारी सासूबाई अंगणात मक्याचे दाणे सोडवत बसल्या होत्या. मी म्हटलं, दोमितिलाताईंचं पत्र आहे, तुमच्यासाठी. "काय म्हणते ती भांडकुदळ?" म्हणाल्या, आणि हातातलं कणीस खाली ठेवलं.

मी जसंच्या तसं वाचलं. एक शब्द घातला नाही, एक गाळला नाही.  संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ते एक थेंबाचं परत वाच." मी वाचलं.

"म्हणजे शुद्धीत होता."

"हो, सासूबाई. शुद्धीत होते." मला इतकं हलकं वाटलं वन्सं, की मी त्यांचे हात धरले. मला वाटलं आता रडतील, मातेचे आभार मानतील. त्यांनी हात सोडवून घेतले.

"मग ते सगळे जाताना त्याने बघितले," त्या म्हणाल्या. "एकेक सायकल."

मी पत्राची घडी घातली.

"मी इतके महिने त्याला शिव्या घातल्या. पण आत कुठेतरी म्हणत होते, प्यायलेला होता ना, मग बरं. त्याचा बाप किती वेळा रानात पडून राहिला. सकाळी उठून यायचा आणि म्हणायचा, थंडी? कसली थंडी? प्यायलेल्याला थंडी कळत नाही. एकटं आहोत तेही कळत नाही. एवढ्या एका गोष्टीवर मी झोपत होते गं." मग माझ्याकडे बघितलं. "हे कशाला वाचलंस?"

कणसं तशीच राहिली. मी नंतर दाणे काढले. संध्याकाळी त्यांनी मेणबत्ती लावली नाही. परवा माकारियो डिसेंबरच्या वारीची वर्गणी मागत आले होते. सासूबाईंनी दाराआडून त्यांचा आवाज ऐकला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. मला वाटलं ओरडतील, निदान एक शब्द बोलतील. ते जाईपर्यंत वळल्या नाहीत.

मला म्हणाल्या, "दोमितिलाला यातलं काही कळवू नकोस. तिने मला बरं वाटावं म्हणून पाठवलंय." मी हो म्हटलं. पण एकदा तुमच्यापासून लपवून पाहिलं, आता पुन्हा माझ्याच्यानं होत नाही. म्हणून लिहिलं.

इथे अजून रात्री गारठा असतो. मी त्यांच्या अंगावर पांघरूण घालते. दिवा मालवला की त्या ते काढून टाकतात.

तुमची,
ओबदुलिया